साहेबाची गाडी शर्यतीत

जुन्या मर्सिडीजवर जीव टाकणाऱ्या माणसाला त्याची सर्वांत लाडकी गाडी कोणती ते विचारा. तो ज्या गाडीचं नाव घेईल, ती बहुधा आज अस्तित्वातच नाही. फ्रान्समधल्या मात्रा कंपनीने ती १९७० च्या दशकात विकत घेतली, मधोमध कापली, जवळपास एक मीटरचा जोड देऊन लांब केली आणि तिच्या बुडाला भोक पाडलं. त्या भोकातून लढाऊ विमानाचं चाक खाली सोडायचं, गाडी धावपट्टीवर ताशी दोनशेने पळवायची आणि विमानाचा टायर किती सोसतो ते मोजायचं, असा तिचा उपयोग झाला. हजार मीटरच्या आत दोनशेचा वेग गाठू शकेल आणि वर यंत्रसामग्रीचं ओझंही वाहील अशी गाडी तेव्हा सहज मिळत नव्हती. काम संपलं आणि गाडीही नाहीशी झाली. हल्ली प्रदर्शनांत लाल रंगाची जी गाडी लोक डोळे भरून पाहतात, ती २००६ मध्ये बांधलेली प्रतिकृती आहे.

कागदोपत्री तिचं नाव ३०० एसईएल ६.८ एएमजी. जर्मन चाहते तिला ‘रोटे झाउ’, लाल डुकरीण, म्हणतात, आणि ते प्रेमानेच. मूळची ही गाडी कारखानदारांची, मंत्र्यांची, बँकेच्या अध्यक्षांची. पाच मीटर लांब, चार दारं, मागच्या सीटवर पाय पसरून पेपर वाचता येईल एवढी जागा, डॅशबोर्डला लाकडाची पट्टी, आणि साऱ्या डोलाऱ्याला तोलणारं हवेवरचं सस्पेन्शन. आपल्याकडे ‘साहेबाची गाडी’ म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणजे ड्रायव्हर दार उघडून उभा, साहेब फाइल बगलेत मारून मागे बसतायत, नेमकी ती गाडी. असल्या गाडीवर पांढरे गोल चिकटवून, त्यात नंबर घालून, तिला चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवायचं कुणाच्या डोक्यात आलं?

हान्स वेर्नर आउफ्रेश्ट आणि एर्हार्ड मेल्शर हे ते दोघे. दोघेही डायमलर-बेंझमध्ये इंजिनांवर काम केलेले. कंपनीने शर्यतींतलं लक्ष काढून घेतल्यावर त्यांनी आधी फावल्या वेळात आणि मग १९६७ मध्ये पूर्णवेळ स्वतःचं बस्तान मांडलं, तेही एका जुन्या गिरणीत. आउफ्रेश्टचा ‘ए’, मेल्शरचा ‘एम’ आणि आउफ्रेश्टच्या जन्मगावाचा, ग्रोसआस्पाखचा, ‘जी’. आज एएमजी हा मर्सिडीजच्याच घरातला महागडा शिक्का आहे. १९७१ मध्ये मात्र बेल्जियममधल्या स्पा-फ्रांकोर्शांच्या ट्रॅकवर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी ६.३ लिटरचं इंजिन ६.८ लिटरवर नेलं होतं, ताकद ४२८ अश्वशक्तीपर्यंत चढवली होती, दारं अ‍ॅल्युमिनियमची केली होती. रुंद चाकं घेतली ती सी १११ या प्रायोगिक गाडीची, म्हणून मडगार्डं बाहेर फुगवावी लागली. इतकं करूनही वजन १,६३५ किलो. आजूबाजूला फोर्ड कॅप्री, बीएमडब्ल्यू, अल्फा रोमिओ अशा हलक्या, चपळ गाड्या. त्यांच्यात ही लाल वाड्याएवढी सेदान.

हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्झ यांनी ती चोवीस तास चालवली. सरळ पट्ट्यात ती भल्याभल्यांना मागे टाकायची. वळणावर, ब्रेकवर आणि पेट्रोलपंपापाशी कमावलेलं घालवायची. शेवटी आपल्या गटात पहिली आणि एकूण शर्यतीत दुसरी आली. पहिली आली ती फोर्डची कॅप्री. हे चाहत्यांच्या गप्पांत पटकन येत नाही. तिथे ‘गटात पहिली’ हे आधी येतं, ‘एकूण दुसरी’ हे कौतुकाने येतं आणि कॅप्रीच्या चालकाचं नाव येतच नाही. ते नाव डीटर ग्लेमझर. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

*

लाल गाडीचं मूळ शोधायला गेलं तर ते एका माणसाच्या हट्टात सापडतं. एरिश वाक्सेनबेर्गर हा मर्सिडीजच्या विकास विभागातला इंजिनिअर. कंपनीकडे तेव्हा ६०० नावाची अवाढव्य गाडी होती, राष्ट्रप्रमुखांच्या आणि पोपच्या ताफ्यात शोभणारी. तिच्यात ६.३ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन. हेच इंजिन लहान शरीराच्या गाडीत बसवलं तर काय होईल, या प्रश्नाने वाक्सेनबेर्गरला झोप येईना. त्याने कुणाला न विचारता ते बसवून पाहिलं. पुढची गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली जाते, पण गाभा एकच: विकास विभागाचा प्रमुख रुडॉल्फ उलेनहाउट याच्या कानावर ओळखीच्या गाडीतून अनोळखी आवाज आला आणि त्याने बोनेट उघडायला लावलं. उलेनहाउट स्वतः असा गडी, की कंपनीच्या शर्यतपटूंना हेवा वाटावा अशी गाडी चालवायचा. तो रागावला नाही. मार्च १९६८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ३०० एसईएल ६.३ लोकांसमोर आली.

२५० अश्वशक्ती, शून्यापासून ताशी शंभर साडेसहा सेकंदांत, कमाल वेग २२०. हे आकडे त्या काळच्या स्पोर्ट्स कारवाल्यांना घाम फोडणारे होते. आणि बाहेरून? डिकीच्या झाकणावर ‘६.३’ एवढीच खूण. हवी तर तीही काढून घ्या. मग सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या पोर्शेवाल्याला कळायचंही नाही की टोपीवाला ड्रायव्हर काय घेऊन बसला आहे. १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या बनल्या.

वाक्सेनबेर्गरने १९६९ मध्येच त्या स्पाला नेल्या होत्या, कंपनीच्या नावाने. सरावातच कळलं की एवढं वजन एवढ्या वेगाने फिरवताना टायर तग धरत नाहीत. गाड्या शर्यतीआधी मागे घेतल्या. मग त्याच वर्षी तो एक गाडी घेऊन मकावला गेला, स्वतः चालवली आणि सहा तासांची शर्यत जिंकून आला. हा विजय लाल गाडीच्या दुसऱ्या क्रमांकापेक्षा मोठा. पण मकावच्या फोटोची पोस्टरं कुणाच्या भिंतीवर दिसत नाहीत.

आठवणींचा धंदा असाच चालतो. रंग लाल हवा, नाव चटकदार हवं, गाडी हरवलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

*

ही साहेबाची गाडी शर्यतीत आली त्यामागे १९५५ सालची एक भीषण दुपार आहे. त्या वर्षी मर्सिडीज फॉर्म्युला वनमध्ये जिंकत होती. मे महिन्यात स्टर्लिंग मॉसने ३०० एसएलआर घेऊन इटलीतली मिल्ले मिलिया दहा तास, सात मिनिटं आणि काही सेकंदांत पार केली होती, सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. मग ११ जूनला ल मान्स. पिएर लव्हेग चालवत असलेली ३०० एसएलआर पुढच्या गाडीवर आपटून उडाली, बांधावर आदळली, आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्याच वर्षाअखेर कंपनीने शर्यतींच्या गाड्यांचं दुकान बंद केलं, आणि ते तीन दशकं नीट उघडलं नाही.

पण शर्यतीचा कंड असा सुटत नसतो. कंपनीत बसलेल्या इंजिनिअरांनी आणि बाहेरच्या खाजगी चालकांनी मग शोरूममध्ये विकली जाणारी चार दारांची गाडीच उचलली. माझ्या मते या जर्मन सेदानांचा खरा शर्यतीचा इतिहास इथे सुरू होतो, आणि तो डांबरी ट्रॅकवरचा नाही. तो धुळीतला आहे.

त्याची चाहूल आधीच लागली होती. १९५५ च्याच मिल्ले मिलियात, मॉसच्या चंदेरी गाडीपेक्षा कितीतरी हळू, १८० डी नावाची डिझेल सेदान धावत होती. पुढे युरोपभर टॅक्सी म्हणून राबली तीच. सरासरी ताशी ९४ किलोमीटर. डिझेल गाड्यांच्या गटात पहिली. मला मॉसच्या विक्रमाइतकीच ही गंमत मोलाची वाटते: इटलीच्या डोंगरांतून तासन्‌तास घरघरत, धूर सोडत जाणारी टॅक्सी, आणि टॅक्सीतल्या दोघांच्या चेहऱ्यावर आपणही शर्यतीत आहोत हा भाव. चार वर्षांनी कार्ल क्लिंगने १९० डी घेऊन भूमध्य समुद्र ते केपटाउन ही आफ्रिकेची उभी लांबी मोजणारी रॅली जिंकली. सुमारे १४,००० किलोमीटर, पन्नास अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. पन्नास! आज आपल्या गल्लीतल्या छोट्या हॅचबॅकची ताकद याहून जास्त असते.

१९६० मध्ये वॉल्टर शॉक आणि रोल्फ मोल यांनी २२० एसई घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. पहिले तिन्ही क्रमांक मर्सिडीजचे. मागच्या टोकाला शेपटासारखे पंख असलेली ही सेदान. याच घराण्याच्या गाडीत कंपनीचा इंजिनिअर बेला बारेन्यी याच्या कल्पनेतून, धडक बसली तर पुढचा-मागचा भाग चुरगळावा आणि मधली बैठक शाबूत राहावी अशी रचना १९५९ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली होती. श्टुटगार्टचा एक हॉटेलवाला, ऑइगेन ब्योरिंगर, तीच गाडी घेऊन १९६२ मध्ये युरोपचा रॅली विजेता झाला. स्वयंपाकघरात काम केलेला माणूस, अंगाने गोल, आणि लिएज-सोफिया-लिएजसारख्या झोप न देणाऱ्या रॅलीत दोन वर्षं लागोपाठ पहिला.

आणि मग अर्जेंटिना, १९६२.

*

एव्ही रोस्कविस्ट ही स्वीडनच्या दक्षिणेकडच्या शेतकरी घरातली मुलगी. गुरांच्या डॉक्टरची सहायक म्हणून ती गावोगाव फिरायची. दिवसाला सात-आठ गोठे, दोनशे किलोमीटरपर्यंतचे कच्चे रस्ते, आणि हाताशी मर्सिडीजची १७० एस. एका गोठ्यापासून दुसऱ्या गोठ्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते ती घड्याळ लावून मोजायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोन मिनिटं कमी करायची. रॅलीचं याहून चांगलं शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. १९५९, ६० आणि ६१ अशी तीन वर्षं ती युरोपातल्या महिला चालकांची विजेती होती. मर्सिडीजने तिला १९६२ मध्ये आपल्या गाडीत बसवलं. शेजारी नकाशा धरायला उर्सुला विर्थ.

अर्जेंटिनाची ती शर्यत म्हणजे साध्या, बाजारात मिळणाऱ्या गाड्यांची ग्रां प्री. एकूण ४,६२४ किलोमीटर, सहा टप्पे. रस्ते म्हणावेत असे थोडे. बाकी खडी, धूळ, नद्यांची पात्रं, अँडीजचे चढ. गावागावांतून माणसं रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरच उभी असायची आणि गाडी अगदी जवळ आली की फाकायची. २८६ गाड्या निघाल्या. दोन बायका एवढ्या लांब टिकतील यावर तिथल्या लोकांचा विश्वास नव्हता. पहिल्या टप्प्याच्या पुढच्या गप्पाच नकोत, असा एकूण सूर. पहिला टप्पा त्यांनी जिंकला. मग दुसरा. मग सहाच्या सहा. सरासरी ताशी १२६.८७ किलोमीटर, जो त्या शर्यतीचा तोवरचा विक्रम. शेवटपर्यंत पोचल्या त्या फक्त ४३ गाड्या.

त्यांच्या हातात होती २२० एसई. सहा सिलिंडर, २.२ लिटर, १२० अश्वशक्ती, सेदान. फोटोत ती गाडी मातीने इतकी माखली आहे की दारावरचा ७११ हा आकडा तेवढा ओळखू येतो.

लाल डुकरिणीला भिंतीवर लावणाऱ्यांतल्या किती जणांना रोस्कविस्ट हे नाव माहीत असतं? फार थोड्यांना. जुन्या गाड्यांच्या चाहत्यांचा गोतावळा पुरुषांचा आहे, त्यांच्या गप्पा अश्वशक्तीच्या आहेत, आणि १२० या आकड्याने कुणाच्या अंगावर काटा येत नाही. पण गाडी म्हणून जे सिद्ध करायचं ते या शर्यतीत सिद्ध झालं. सस्पेन्शन तुटलं नाही, दारं निखळली नाहीत, इंजिन तापून बसलं नाही, आणि आतल्या दोघी शेवटच्या दिवशीही स्टिअरिंग धरू शकत होत्या. ४,६२४ किलोमीटर खड्ड्यांतून दणका खाल्ल्यावर माणूस शाबूत राहणं ही आरामदायी सेदानची कमाई आहे, स्पोर्ट्स कारची नव्हे. साहेबाच्या पाठीसाठी केलेली मऊ बैठक इथे शर्यत जिंकून गेली. रोस्कविस्ट पुढच्या दोन्ही वर्षी तिसरी आली, आणि २०२४ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन, वारली.

१९६३ आणि १९६४ मध्ये अर्जेंटिनात पहिला आला हॉटेलवाला ब्योरिंगर. दुसरा दोन्ही वेळा एकच तरुण, मर्सिडीजच्याच गाडीत: डीटर ग्लेमझर. सात वर्षांनी स्पाला लाल डुकरिणीच्या पुढे कॅप्री घेऊन निघून गेला तोच. मर्सिडीजने शर्यतींतून हात आखडता घेतला नसता तर तो कदाचित तेव्हाही मर्सिडीजमध्येच असता. मग लाल गाडीची गरजच पडली नसती, आणि एएमजी हे एखाद्या गिरणीतलं गॅरेज म्हणूनच राहिलं असतं. असले ‘जर-तर’ हे चाहत्यांचं आवडतं खाद्य. मीही एक घास घेतला.

धुळीचा हा वारसा १९७७ मध्ये भारतावरूनही गेला. लंडन ते सिडनी, सुमारे ३०,००० किलोमीटर. युरोप, इराण, अफगाणिस्तान पार करून गाड्या भारतात उतरल्या, मद्रासपर्यंत आल्या आणि तिथून समुद्रमार्गे मलेशियाला गेल्या. पहिला आला अँड्र्यू कॉवन, दुसरा टोनी फाउक्स, दोघेही मर्सिडीज २८० ई घेऊन. म्हणजे १२३ मालिकेची सेदान, जी जगभर टॅक्सी म्हणून फिरली. या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. मोरोक्कोत आणि पश्चिम आफ्रिकेत त्यांनी पाच-पाच लाख किलोमीटर सहज ओलांडले.

*

बीएमडब्ल्यूवाले या ठिकाणी अस्वस्थ झाले असतील, म्हणून त्यांचं थोडं. १९५९ च्या डिसेंबरात ही कंपनी डायमलर-बेंझच्या घशात जायच्या बेतात होती. भागधारकांनी त्या सभेत गोंधळ घातला, उद्योगपती हेर्बेर्ट क्वांट याने पैसा ओतला, आणि १९६१ मध्ये ‘नॉये क्लासे’ नावाची चार दारांची नेटकी सेदान निघाली. तिने कंपनी वाचवली. तिच्याच २००० टीआय अवतारात हुबेर्ट हाने याने १९६६ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २३ किलोमीटरच्या जुन्या घाटासारख्या ट्रॅकची फेरी दहा मिनिटांच्या आत मारली. टूरिंग गाडीत हे आधी कुणाला जमलं नव्हतं. १९८५ ची पहिली एम ५ म्हणजे वाक्सेनबेर्गरच्याच खोडीची म्युनिक आवृत्ती: एम १ या स्पोर्ट्स कारचं सहा सिलिंडरी इंजिन, २८६ अश्वशक्ती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला साधी ५ सिरीज. ऑडीने तर १९९० मध्ये व्ही ८ ही भली थोरली सेदान जर्मन टूरिंग कार स्पर्धेत उतरवली आणि हान्स-योआखिम श्टुकने विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी फ्रांक बीलाने. १९९२ मध्ये क्रँकशाफ्टवरून वाद झाला आणि ऑडी घरी गेली.

त्या वर्षी जिंकली मर्सिडीजची १९० ई. क्लाउस लुडविग चालक. हिची कथा निराळीच. मूळचं २.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन इंग्लंडच्या कॉसवर्थने रॅलीसाठी घडवलं, पण तेवढ्यात ऑडीने चारही चाकांना ताकद देणारी क्वात्रो आणली आणि मर्सिडीजची रॅलीची योजना बारगळली. मग १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर त्या गाड्या ५०,००० किलोमीटर पळवल्या, थांबे धरून सरासरी ताशी जवळपास २४८. पुढच्या मे महिन्यात न्युर्बुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्‌घाटन होतं. वीस चालकांना अगदी सारख्या वीस गाड्या दिल्या. त्यात ब्रॅबम, सर्टीस, हंट, लाउडा धरून नऊ विश्वविजेते. एमर्सन फिट्टिपाल्डी आला नाही, म्हणून त्याच्या जागी चोवीस वर्षांचा एक ब्राझिलियन पोरगा बोलावला, ज्याचं फॉर्म्युला वनमधलं ते पहिलंच वर्ष. पावसाळी ट्रॅकवर तो सगळ्यांच्या पुढे निघून गेला. लाउडा दुसरा. आयर्टन सेन्नाची ती सेदान आज कंपनीच्या संग्रहात जपलेली आहे.

जर्मन टूरिंग कार स्पर्धेचा नियम असा, की शर्यतीत जे मांडायचं ते ठराविक संख्येत गिऱ्हाइकालाही विकायचं. म्हणून १९९० मध्ये मागे ओट्याएवढा पंख लावलेली १९० ई इव्होल्यूशन २ शोरूममध्ये आली आणि तशा ५०२ बनल्या. माझं प्रामाणिक मत: ती गाडी इतिहासात मोठी आहे, पण साहेबाची राहिलेली नाही. पंख लावला की गुपित संपलं. ६.३ मधली मजा ही की ती सांगत नव्हती.

ते न सांगणं परत आलं १२४ मालिकेच्या ५०० ई मध्ये. तिचं पाच लिटरचं एम ११९ इंजिन ज्या घराण्याचं, त्याच घराण्याच्या इंजिनाला दोन टर्बो जोडून सॉबर सी ९ ने १९८९ ची ल मान्स जिंकली होती. लव्हेगच्या अपघाताला चौतीस वर्षं झाली होती. ५०० ई ची मडगार्डं इतकी रुंद झाली, की ती झिंडेलफिंगेनच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनवर मावेना. तेव्हा पोर्शेचे दिवस वाईट चालले होते, कारखान्यात जागा रिकामी होती. म्हणून सांगाडे पोर्शेकडे जायचे, रंगायला परत मर्सिडीजकडे यायचे, जोडणीसाठी पुन्हा पोर्शेकडे. एक गाडी अठरा दिवस घ्यायची. ३२६ अश्वशक्ती, साध्या १२४ च्या शेजारी उभी केली तर फुगलेली मडगार्डं आणि थोडी खाली बसलेली ठेवण एवढाच फरक. कंपनीचा डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को याच्या हाताखाली आखलेली ती रेषाच अशी शांत आहे. नवं मॉडेल आलं म्हणून कालचं जुनाट वाटू नये, हा त्याचा आग्रह.

*

या साऱ्या आठवणींत काय गाळलं जातं तेही नोंदवायला हवं. १९३० च्या दशकातल्या ज्या चंदेरी गाड्यांपासून हा वारसा मोजतात, त्यांना नाझी राजवटीचा पैसा होता. संग्रहालयातल्या चकचकीत वळणावर उभं राहून हे आठवायला जरा जोर लावावा लागतो. ल मान्सचे मृत आहेतच. आणि घरगुती तक्रारी आहेत: ६.३ चं हवेचं सस्पेन्शन गळायला लागलं की गाडी सकाळी पोटावर बसलेली सापडते, आणि तिची पेट्रोलची भूक १९७३ च्या तेलसंकटानंतर श्रीमंतांनाही झेपेनाशी झाली. १९९२ ते ९५ च्या १२४ मधल्या इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने कुजून भुगा होतं. हे माहीत असलेला मेकॅनिक बोनेट उघडताच आधी वायर दोन बोटांत चोळून बघतो.

असे मेकॅनिक पुण्यात आहेत, आणि त्याला कारण आहे. टाटांचा आणि डायमलर-बेंझचा ट्रकचा करार १९५४ चा. एका पिढीने तीन टोकांचा तारा पहिल्यांदा पाहिला तो खंडाळ्याच्या घाटात धापा टाकत चढणाऱ्या ट्रकच्या जाळीवर, सेदानवर नाही. जुनी मर्सिडीज मोटार हवी तर ती वकिलातींनी वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकायला काढलेल्यांतून, नाहीतर आखातातून परतणाऱ्या कुणाच्या सामानासोबत. १९९४ मध्ये मर्सिडीजने इथे कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवडला टाटांच्या टेल्कोच्या आवारात ई २२० जोडायला सुरुवात केली. तीच १२४ मालिका. जर्मनीत तिची जागा तेव्हा नवं मॉडेल घेत होतं, म्हणून काहींनी नाक मुरडलं. आज तीच गाडी चाहते शोधत फिरतात. समोरच्या काचेवरचा एकच वायपर, जो कोपऱ्यांशी लांबून काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, तो पावसाळ्यात बघण्यासाठी जाणती माणसं अजून थांबतात. कारखाना पुढे २००९ मध्ये चाकणला गेला.

मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीजची रॅली भरते. तिथे पंख असलेल्या सेदान, १२३ आणि १२६ मालिकेच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात. मालक कापडाने पुसत असतात, बघे क्रोमला हात लावतात आणि ओरडा खातात. संवाद ठरलेले: पासिंग कुठलं, कितवा मालक, ओरिजिनल रंग का, पार्ट कुठून आणला. पार्ट बहुधा जर्मनीहून. कंपनीने जुन्या गाड्यांसाठी तिथे १९९३ पासून वेगळं केंद्रच चालवलं आहे, आणि त्यावरची कस्टम ड्युटी भरताना प्रेमाची परीक्षा होते. रबराचे बुश, सील आणि गॅस्केट यांसाठी माणूस जोडीदाराशी जितकं बोलत नाही तितकं पार्सलवाल्याशी बोलतो.

खरी अडचण कागदांची. जर्मनीत गाडीला तीस वर्षं झाली आणि ती मूळ स्वरूपात, नीट राखलेली असली, की तपासणी करून तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. १९९७ पासूनची ही सोय. वर्षाचा कर सरसकट सुमारे १९२ युरो, आणि शहरांतल्या धूरबंदीच्या पट्ट्यातही मुभा. सरकार तिला वारसा समजतं, आणि मालक तिच्यातून रविवारी बेकरीत पाव आणायला जातो. आपल्याकडे २०२१ च्या नियमाने व्हिंटेजचा वेगळा नंबर आला. त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नोंदणीला २०,००० रुपये, आणि अट पन्नास वर्षांची. तो नंबर घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला नेता येते. रोज हिंडवायला नाही.

मधली वीस वर्षं ही गाडी कायद्याच्या दृष्टीने नुसती जुनी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस, फेरनोंदणी, पर्यावरण कर. दिल्लीकडे न्यायची सोय नाही, तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीच्या मागे लागतात. रोस्कविस्टची २२० एसई कुणाकडे असेल तर ती केव्हाच पन्नाशी ओलांडून सुटली. ६.३ सुद्धा सुटली. पिंपरीत जोडलेली पहिली ई २२० मात्र जर्मन हिशोबाने २०२५ मध्ये वारसा झाली, आणि आपल्या हिशोबाने व्हायला २०४५ उजाडेल. तोवर तिच्या मालकाने वायरिंग नवं भरून घ्यावं, आरसी बुकाच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात आणि पुढची फेरनोंदणी कधी येते ते कॅलेंडरवर लिहावं.